उंची थांबलेली मुलगी

पहिला संशय मी माझ्या मोजपट्टीवर घेतला.

चौऱ्याहत्तर साल होतं, पावसाळा सरत आला होता. मी तेव्हा सांगलीच्या एका रुग्णालयात मुलांच्या ग्रंथींचे आजार शिकत होते. शरीरातले जे रस मुलाला वाढवतात आणि वयात आणतात, ते बिघडले म्हणजे काय होतं, हा आमचा विषय. आमच्या सरांनी एक पाहणी हाती घेतली होती. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या काही शाळांत दरवर्षी जायचं, मुलींची उंची आणि वजन घ्यायचं, कोण कधी वयात आली ते लिहायचं, आणि थोड्या मुलींचं रक्त काढायचं. उसाच्या गावात एक शाळा, पूर्वेच्या दुष्काळी भागात मेंढरं राखणाऱ्यांच्या वस्तीजवळ एक, आणि मेढ्याच्या पुढे डोंगरात काही. मी, आमच्या एक वयानं मोठ्या सिस्टर आणि जीप, एवढीच आमची फौज.

उसाच्या गावातली मुलं जाडजूड असायची. दूध, तूप, गूळ, काही कमी नव्हतं. पण ती जशी रुंद होती तशी उंचही होती. खाऊन जाड झालेलं मूल वयाच्या मानानं सहसा उंच असतं, हे सरांनी आम्हाला घोकून घेतलं होतं. जाडी वाढते आणि उंची थांबते, तिथं थांबा आणि बघा, असं ते म्हणायचे.

मेढ्याच्या पुढच्या त्या गावात मी दुसऱ्या वर्षी गेले तेव्हा आठ वर्षांची एक मुलगी काट्यावर उभी राहिली. गेल्या वर्षी ती बारकी, खोकणारी पोर होती. आता तिचे गाल टरारून लाल झाले होते, पोट सुटलं होतं, मानेमागे मांसाची गादी आली होती. हात-पाय मात्र काटकुळेच. मी तिची उंची घेतली आणि वहीत गेल्या वर्षीचा आकडा पाहिला. दोन्ही आकडे सारखेच होते.

मला वाटलं, मोजपट्टी सरकली असेल. सिस्टरांना मोजायला लावलं. तोच आकडा. मग वाटलं, गेल्या वर्षीचाच आकडा चुकला असेल. आम्ही शाळेतल्या इतर दहा मुली पुन्हा मोजल्या. त्या सगळ्या वाढल्या होत्या. ही एकटी वर्षभर जागच्या जागी उभी होती.

मुख्याध्यापक कौतुकानं म्हणाले, "चांगलं बाळसं धरलंय की हो. गेल्या साली वाटत नव्हतं जगंल म्हणून."

सिस्टर माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "हे बाळसं नाही. हिच्या गालावर लव बघा."

आम्ही तिच्या घरी गेलो. दारात आई भात पाखडत होती. नवरा मुंबईला बाजारात ओझी उचलायचा, घरात ही आणि पोर दोघीच. आमच्या जीपवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण नव्हता, पण सरकारी जीप म्हटली की त्या दिवसांत सगळ्यांना तोच दिसायचा. आम्ही शाळेत रक्त घेतो ते पुढं पोरींना मूल होऊ नये म्हणून, अशी बोलवा त्या भागात आमच्या आधी पोचलेली होती.

"काय पायजे?" तिनं सूप खाली न ठेवता विचारलं.

मी म्हटलं, "तुमच्या मुलीला तपासायचं आहे. तिची उंची वाढत नाहीये."

"उंची वाढाय ती काय बांबू हाय? चांगली गुटगुटीत हाय माजी पोर. जरा बरी झाली तर लगीच तुमच्या डोळ्यांवर आली व्हय?"

मी मुलीचा परकर किंचित खाली करून पोट बघितलं. कातडीवर जांभळट चिरा पडल्या होत्या, जणू आतून कुणी ताणलं होतं. त्या चिरा पुस्तकात पाहिलेल्या होत्या. मूत्रपिंडावर एक छोटी ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली की ती नको इतका रस सोडते, आणि मूल असं फुगतं आणि खुंटतं. मला वाटलं, गाठ सापडली. खरं सांगायचं तर मला पोरीची काळजी वाटायच्या आधी आनंद झाला. असा रुग्ण सरांनी दोनदाच पाहिला होता.

सांगलीला यायला आई तयार होईना. मग दुसरा मार्ग उरला. पूर्ण एका दिवसाची लघवी जमा करून तपासायची. मी आईला काचेची मोठी बरणी दाखवून समजावलं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला माझंच बोलणं विचित्र वाटायला लागलं.

"रगत झालं, आता मूत. उद्या नखं, केसं मागाल. कुनी करनी करायला सांगितलंय तुमाला?"

शेवटी मुख्याध्यापकांनी मध्यस्थी केली आणि बरणी घरात ठेवून आम्ही निघालो. दोन दिवसांनी बरणी साताऱ्याला आली, तिथून सांगलीला. तपासणीचा निकाल आला तेव्हा मी कागद उलटा धरला आहे की काय असं मला वाटलं. गाठ असेल तर रस भरपूर हवा. इथं जवळजवळ नव्हताच.

सरांनी चष्मा काढला. "त्या बाईनं बरणीत हंड्यातलं पाणी ओतलंय," ते म्हणाले. "पुन्हा घ्या. आणि या वेळी कुणीतरी तिथं बसा."

सिस्टर एक दिवस आणि एक रात्र त्या घरात राहिल्या. बरणी त्यांनी मांडीशी ठेवली. निकाल पुन्हा तोच आला. तेव्हा सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि ते म्हणाले, "शरीर स्वतः तयारच करत नाहीये. त्याला गरज वाटत नाहीये. म्हणजे त्या रसासारखंच औषध बाहेरून कुणीतरी पाजतंय. शोधा कोण ते."

तिथून माझी नजर बदलली. त्या गावात मी पाऊल टाकलं की प्रत्येक उंबऱ्याकडे, प्रत्येक कोनाड्याकडे बघायचे. शाळेत पुन्हा नीट पाहिलं तर आणखी तीन गोल चेहरे सापडले, दोन मुलगे आणि एक लहान मुलगी. चौघांच्याही घरी विचारलं, "काही औषध देता का?" चौघांच्याही घरी उत्तर एकच, "न्हाई." इतक्या झटकन आणि इतक्या एकसारख्या आवाजात आलं की खोटं आहे हे मला तिथल्या तिथं कळलं. कशासाठी खोटं बोलतायत ते कळेना.

सिस्टरांनी ते एका फटक्यात शोधलं. त्या पाणी मागायच्या निमित्तानं मुलीच्या घरात स्वयंपाकाच्या जागेपर्यंत गेल्या आणि देवाच्या कोनाड्यातून एक पुडी पदरात घेऊन आल्या. जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाची पुडी, आत पांढरी पूड. दुसऱ्या घरी तसलीच. एकाच कॅलेंडरचा कागद, त्यावर निळ्या समुद्राचा एक तुकडा.

"हवालदारांकडं असलं कॅलेंडर मी बघितलंय," सिस्टर म्हणाल्या. "गेल्या वर्षी आपण तिथंच चहा प्यायलो की."

हवालदार म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. तिथं त्यांनी वैद्यकीय पथकात काम केलं होतं, जखमा बांधायच्या, सुया द्यायच्या, औषधं वाटायची. गावात परतल्यावर त्यांनी तेच सुरू ठेवलं. त्या डोंगरात पावसाळ्याचे चार महिने भिंती ओल धरतात आणि मुलांना धाप लागते. पाऊस लागला की ओढे भरतात, मेढ्याला पोचायचं म्हटलं तरी दिवस जातो. गावाला दुसरा कोण होता? लोक त्यांना देवासारखं मानत, आणि म्हणूनच आमच्यासमोर सगळे एकदिलानं खोटं बोलत होते.

मला हे सगळं तेव्हाही दिसत होतं. पण संशय एकदा माणसावर जाऊन बसला की त्याच्या चांगुलपणाचाही पुरावाच होतो. मला वाटायला लागलं, हा माणूस मुद्दाम पोरं गुबगुबीत करून गावाला भुलवतोय.

रविवारी सकाळी मी त्यांच्या दारात गेले. ओसरीवर दहा-बारा माणसं बसली होती. हवालदार स्टोव्हवर सुईची पिचकारी उकळत होते. पांढरा धुतलेला सदरा, खांद्यावर घडी केलेला टॉवेल, मिशी नीट कापलेली. मला बघताच उठून उभे राहिले.

मी पुडी त्यांच्यापुढे धरली. "यात काय आहे?"

त्यांनी काही लपवलं नाही. गोळीचं नाव सांगितलं, इंग्रजीत, बिनचूक. त्याची मला मुळीच अपेक्षा नव्हती.

"बर्फात जवानाला धाप लागली की आमचं डॉक्टरसाहेब हीच गोळी द्यायचं. दोन दिसात मानूस उभा. आपल्या डोळ्यांनी बघितलंय म्याडम."

"तुमचे साहेब किती दिवस द्यायचे?"

"पाच... सात दिस."

"आणि तुम्ही या पोरीला?"

त्यांनी स्टोव्ह बारीक केला. मग म्हणाले, "सालभर झालं असंल. बंद केली की पोर परत धापा टाकायची. आई पाया पडायची. मग परत दिली. भूक बी लागाय लागली तिला, अंग धरलं. वाईट काय झालं?"

मला शांतपणे बोलता आलं असतं. पण ओसरीवरची माणसं माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, त्या नजरेनं मी पेटले. "वाईट काय झालं? तुम्ही या मुलांना विष चारताय. यांची हाडं वाढायची थांबली आहेत. या मुली वयात येतील की नाही, यांना पुढं मूलबाळ होईल की नाही, सांगता येत नाही. आजपासून एकही पुडी द्यायची नाही. दिलीत तर मी पोलिसांत जाईन."

मूलबाळाचं वाक्य मला ठाऊक होतं त्यापेक्षा मोठं होतं. वयात यायला उशीर होतो एवढं मला माहीत होतं. बाकीचं मी घाव बसावा म्हणून बोलले. आणि ओसरीवरच्यांनी नेमकं तेवढंच ऐकलं.

हवालदारांनी गोळ्यांचा डबा बंद केला. "ऑर्डर म्हनताय तर बंद," ते म्हणाले. "पर म्याडम, एकदम बंद करायची?"

हा प्रश्न त्यांनी विचारला होता. मला तो आजही त्यांच्या आवाजात ऐकू येतो. हे औषध एकदम बंद करायचं नसतं, हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते. इतके महिने बाहेरून मिळालं की शरीर आपलं काम विसरतं, ते हळूहळू आठवावं लागतं. पण त्या क्षणी मला वाटलं, माणूस पळवाट शोधतोय. "एकदम," मी म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले. पुढच्या आठवड्यात चारही मुलांना सांगलीला आणायचं, तिथं काय ते नीट बघू, असा मी मनाशी हिशेब केला होता. परतीच्या वाटेवर सिस्टर तोंड फिरवून बसल्या. मी विजयात होते.

आठव्या दिवशी मी सुट्टीसाठी साताऱ्याला माझ्या घरी होते. दुपारची जेवणं चालली होती. दारावर थाप पडली. उघडलं तर हवालदार, इस्पितळात माझा पत्ता विचारून आलेले. सदरा घामानं आणि कसल्यातरी ओल्या डागांनी माखलेला.

"पोरगी इस्पितळात हाय," ते म्हणाले. "कालपास्नं वकतीय. सकाळी डोळं पांढरं केलं. खांद्यावर टाकून एस.टी.पतुर आनली. गोळी बंद केल्यानं असं व्हतं का?"

 मी हात धुतले की नाही आठवत नाही. इस्पितळात पोचेपर्यंत ते माझ्या दोन पावलं पुढं चालत होते, आणि वाटेत एवढंच म्हणाले, "बारका ताप आला व्हता. बाकी कायबी न्हवतं."

मुलगी खाटेवर पडली होती. फुगलेला चेहरा राखेसारखा झाला होता, नाडी हाताला लागत नव्हती. हगवण-ओकारी समजून सलाइन लावलेलं होतं. आई खाटेशी उभी होती. मी पुढं झाले तशी ती मध्ये आली.

"हात लावू नगा. तुमीच टोचलंय तिला. रगत काढलं तवाच मी वळाकलं व्हतं."

तेव्हा हवालदार माझ्या मागून म्हणाले, "वयनी, सुई त्यांची, पर पुडी माजी. पुडी बंद झाली म्हनून असं झालंय. सरका."

"बंद करायला मी सांगितलं होतं," मी म्हणाले. "एकदम बंद करायला नको होती. मला माहीत होतं."

तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग सावकाश म्हणाली, "म्हंजी तुमी दोघांनी मिळून."

 पण ती बाजूला झाली. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना मी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. ज्या औषधानं तिला या अवस्थेला आणलं होतं, त्याच जातीचं औषध शिरेतून दिलं आणि सलाइन जोरात सोडलं. मी मनगट धरून बसले. तासाभरानं नाडी बोटाला लागली. दिवे लागायच्या सुमारास मुलीनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. आईनं पेला माझ्या हातातून घेतला नाही. स्वतः उठून हंड्यातून भरून आणला, आधी स्वतः एक घोट प्यायली आणि मग पोरीला पाजलं.

बाकीच्या तीन मुलांकडे आम्ही दुसऱ्याच दिवशी धावलो. दोघांच्या घरी आयांनी हवालदारांच्या आणि माझ्या नकळत थोड्या पुड्या साठवून ठेवल्या होत्या आणि त्या देत होत्या. माझं ऐकलं नाही म्हणूनच ती पोरं बचावली. तिसऱ्या मुलाचं घर बंद होतं. कुटुंब त्याच आठवड्यात मुंबईला गेलं होतं. हवालदारांनी तिथल्या पत्त्यावर पत्र टाकलं, मग दुसरं. उत्तर आलं नाही. त्या मुलाचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही.

आता पुडी महिनोन् महिने थोडी थोडी कमी करत न्यायची होती. प्रश्न होता, देणार कोण? माझ्यावर गावाचा विश्वास नव्हता. हवालदारांवर माझा नव्हता. आणि मुलीच्या आईचा आता आम्हा दोघांवरही नव्हता. इस्पितळातून घरी सोडताना मी तिला पहिल्या पुड्या दिल्या, तेव्हा तिनं एक उघडून माझ्यापुढे धरली.

"आदी तुमी खावा."

मी बोटानं चिमूट उचलून जिभेवर ठेवली. कडू लागली. ती माझ्या घशाकडे बघत होती, गिळते की नाही म्हणून. मग तिनं दुसरी पुडी हवालदारांपुढे धरली. "तुमीबी." त्यांनीही खाल्ली.

शेवटी ठरलं ते असं. गोळ्या मी आणायच्या, पुड्या हवालदारांनी बांधायच्या, रोज सकाळी त्यांच्या ओसरीवर पोरांना द्यायच्या. दर पंधरा दिवसांनी मी जायची. गेले की मी गोळ्या मोजायचे. आधी चोरून मोजायचे, ते चहा सांगायला आत गेले की. तिसऱ्या वेळी त्यांनी आत जायच्या आधीच डबा माझ्याकडे सरकवला. "मोजा, मग सावकाश च्या घेऊ." मला लाज वाटली, पण मी मोजल्या. त्या नेहमी बरोबर भरल्या. एकदा दोन जास्त निघाल्या, तर मला वाटलं पोरांना औषध कमी देतोय. एका मुलाचा बाप त्या दोन दिवसांत पोराला पाहुण्यांकडे घेऊन गेला होता, आणि हवालदारांनी त्याच्याबरोबर पुड्या बांधून दिल्या होत्या आपल्या जुन्या साठ्यातून, असं नंतर कळलं. त्यावरूनही मी भांडले. जुना साठा ठेवलाच का?

"म्याडम," ते म्हणाले, "तुमी आर्मीत असता तर लय वर गेला असता." ते हसून बोलले की चिडून, मला ओळखता आलं नाही.

मुलीचा चेहरा उतरायला लागला. गाल आत गेले, पोट गेलं, हिवाळ्यात पुन्हा धाप लागली. त्या धापेला मी दुसरी औषधं दिली. ती काम करायची, पण त्या पुडीसारखी झटक्यात नाही. गाव म्हणायला लागलं, डॉक्टरीण बाईनं पोर वाळवली. आई मला दारातून सांगायची, "बगा, हाडं दिसाय लागली. ह्याला बरं म्हनत्यात तुमच्यात?" मी दर वेळी पट्टी लावून उंची घ्यायची. सहा महिने आकडा हलला नाही. त्या सहा महिन्यांत मी स्वतःवरही संशय घ्यायला शिकले. कदाचित हाडं मिटलीच असतील, कदाचित मी उशिरा आले. मग एके दिवशी पट्टीची फळी तिच्या डोक्यावर टेकवली आणि बोटभर वर गेलेली दिसली. मी तीनदा मोजलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "केसं वाढली असतील."

शेवटची पुडी बंद झाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आणीबाणी आली. पुढं नसबंदीच्या गाड्या फिरायला लागल्या, आणि त्या डोंगरात कुठलीही जीप वर चढेना. आमची एकदा गेली तर वेशीवर बाया उभ्या होत्या, त्यांत त्या मुलीची आईही होती. तिनं मला ओळखलं. मान हलवली, नाही म्हणून. आम्ही जीप वळवली. सरांनी त्या गटाची पाहणी थांबवली.

मग मला पोस्टकार्डं यायला लागली. दर दोन महिन्यांनी एक, हवालदारांच्या टोकदार अक्षरात. खुशाली एका ओळीची, खाली तिघा मुलांच्या उंच्या. त्यांनी गावातल्या शिंप्याच्या पट्टीनं आपल्या दाराच्या चौकटीवर खुणा केल्या होत्या, असं लिहिलं होतं. मुलीची उंची छान वाढत होती. इतकी छान, इतकी एका चालीनं, की मला ती खरी वाटेना. मुलं अशी वाढत नाहीत. कधी थांबतात, कधी उसळी घेतात. मला खूश करायला किंवा स्वतःचं पाप धुवायला माणूस घरी बसून आकडे लिहितोय, असं मी सिस्टरांना म्हणाले. त्या म्हणाल्या, "लिहीत असेल. पण पोस्टात तर टाकतोय ना?"

सत्त्याहत्तर सालच्या हिवाळ्यात मी जीप न घेता एस.टी.नं गेले, आणि उरलेली वाट चालत. पिशवीत फक्त मोजपट्टी. मुलगी शाळेतून येत होती. मी तिला लांबून ओळखलंच नाही. सडसडीत, आईच्या खांद्याला लागलेली. मी मोजलं. पोस्टकार्डावरच्या आकड्यापेक्षा ती दीड बोट कमी भरली.

मी मुलीला घेऊन सरळ हवालदारांच्या घरी गेले. "तुमचे आकडे जास्त आहेत."

ते मला चौकटीपाशी घेऊन गेले. मी मुलीला तिथं उभं केलं. चौकटीपाशी उंबऱ्याच्या आत जमीन थोडी चढती होती, सारवून सारवून फुगवटा आला होता. पोर त्या फुगवट्यावर उभी राहायची. पहिल्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत प्रत्येक आकडा तेवढाच, अगदी तेवढाच जास्त होता. म्हणजे वाढ खरी होती.

"झालं तपासून?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"अजून शंका हाय?"

"शिंप्याची पट्टी एकदा बघायची आहे," मी म्हणाले. ते खरोखर पट्टी आणायला गेले.

तेवढ्यात मुलीची आई ओसरीवर आली. चार वर्षांत ती मला पहिल्यांदाच आपणहून भेटायला येत होती. उभ्याउभ्याच म्हणाली, "एक इच्यारायचं हाय. त्या दिशी तुमी हितंच वरडला व्हता. हिला लेकरं व्हतील का न्हाई? खरं सांगा."

"होतील असं मला वाटतं."

"वाटतं म्हंजी?"

"म्हणजे खात्री नाही. तेव्हा जे बोलले ते रागात बोलले, मला तेवढं माहीत नव्हतं. तिचं शरीर आता आपलं काम करतंय. वयात येईल, थोडी उशिरा येईल. त्याच्या पुढचं मी आज सांगू शकत नाही."

तिनं पोरीला हाताला धरून पुढं आणलं. मग पोरीला म्हणाली, "जा आत, बाईला तपासू दे." आणि दार बाहेरून ओढून घेतलं.

पुढं या मुलांवर आम्ही एक लेख लिहिला. सरांचं नाव पहिलं, माझं दुसरं. लेखाची छापील प्रत घेऊन मी एकोणऐंशी साली गावात गेले. मुलगी वयात आल्याचं आईनं मला तेव्हाच सांगितलं, विहिरीवर, आजूबाजूला कुणी नाही हे बघून. हवालदारांनी लेख हातात घेतला, इंग्रजी शब्दांवरून बोट फिरवलं.

"ह्यात माजं नाव हाय?"

"कुणाचंच नाव नाही."

"पोरगी पडली, ते हाय?"

"आहे." मी ते वाक्य शोधलं आणि मराठीत सांगितलं, "'औषध अचानक बंद करण्यात आले, व त्यानंतर आठव्या दिवशी रुग्णाची प्रकृती गंभीर झाली.'"

"करन्यात आलं," ते म्हणाले. "कुनी?"

"ते लिहिलेलं नाही."

त्यांनी लेखाची घडी घातली आणि मला परत दिली. ठेवून घ्या म्हटलं, तर म्हणाले, नको. मी पिशवीत टाकला. लेखाच्या मसुद्यावर ते वाक्य माझ्याच हातचं होतं, सरांनी त्यात एक अक्षर बदललं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. पण त्यांनी ते ओळखलं असावं, कारण चहा मागवताना त्यांनी त्या दिवशी मला म्याडम म्हटलं नाही, काहीच म्हटलं नाही. आम्ही दोघं ओसरीवर समोरासमोर बसून चहा प्यायलो. मग मेढ्याच्या गाडीची वेळ झाली आणि ते मला थांब्यापर्यंत सोडायला आले.